झुडपी, नाला आणि नकाशावरचा हिरवा रंग

काही वर्षांपूर्वी नागपूरच्या परिसरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या एका प्रारूप आराखड्यावर मी हरकत नोंदवली होती. सुनावणीच्या दिवशी कार्यालयाच्या व्हरांड्यात नकाशे भिंतीला टेकवून ठेवलेले होते, त्यांच्यापुढे पन्नास-साठ माणसे उभी होती आणि प्रत्येकाचे बोट आपापल्या गट नंबरावर होते. कोणाच्या संत्र्याच्या बागेतून चोवीस मीटरचा रस्ता गेला होता, तर कोणाच्या प्लॉटवर शाळेचे आरक्षण पडले होते. माझे बोट ज्या तुकड्यावर होते, तो माझा नव्हता. त्यामुळे आत गेल्यावर पहिलाच प्रश्न आला, "यात तुमची जमीन कोणती?" माझी कोणतीच नाही, हे सांगण्यात आणि ते समोरच्यांना पटवण्यात मला मिळालेल्या पाच मिनिटांपैकी दोन खर्च झाली.

तो तुकडा कळमेश्वर तालुक्यातील एका गावाच्या शिवेवरचा, सुमारे ११ हेक्टरांचा, सरकारी मालकीचा आणि महसुली नोंदीत 'झुडपी जंगल', म्हणजे झुडपांची चराऊ जमीन, म्हणून लिहिलेला आहे. त्याच्या खालच्या अंगाने एक नाला जातो. प्रारूप नकाशात या तुकड्याचा वरचा सपाट भाग पिवळा, म्हणजे निवासी दाखवला होता. नाल्यालगतची उताराची, दगडधोंड्यांची चिंचोळी पट्टी तेवढी हिरवी होती. घर बांधायला गैरसोयीची म्हणून ती हिरवी राहिली असावी, असा माझा तेव्हाही समज होता आणि आजही आहे.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला, नगररचना शिकलो नाही, हे आधीच सांगतो. पण आराखड्यांचे अहवाल वाचत गेल्यावर त्यांच्या घडणीचा क्रम सहज लक्षात येतो. प्रथम विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, मग पुढच्या वीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज बांधला जातो, त्या लोकसंख्येला किती घरे, रस्ते, बाजार आणि कारखाने लागतील याचा हिशेब होतो आणि त्यानुसार रंग भरले जातात. वन विभागाकडून आलेली हद्द जशीच्या तशी गडद हिरव्या रंगात उतरवली जाते. बाकी जे उरते ते शेती किंवा ना-विकास क्षेत्र होते. या सगळ्यात निसर्गासाठी राखायची जागा निवडण्याची पायरी कुठे येते, हे मी बराच काळ शोधत होतो. ती बहुधा येतच नाही. कायद्यात मात्र तिला जागा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १४ मध्ये प्रादेशिक योजनेत कोणकोणत्या बाबी असू शकतात त्यांची यादी आहे आणि निसर्गरम्य क्षेत्रे, वने, वन्यजीव व नैसर्गिक साधनसंपत्ती यांचे जतन आणि संवर्धन ही त्यांतलीच एक बाब आहे.

ही उरल्यासुरल्याची पद्धत आपल्याच इथली आहे असे समजण्याचे कारण नाही. क्रिस मार्ग्युल्स आणि बॉब प्रेसी या अभ्यासकांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात याच विषयावर एक लेख लिहिला, जो या क्षेत्रात आजही पायाभूत मानला जातो. जगभरातील संरक्षित क्षेत्रे प्रामुख्याने अशा जमिनींवर आहेत की ज्यांना शेतीसाठी, लाकडासाठी किंवा वस्तीसाठी फारशी मागणी नव्हती, असे निरीक्षण त्यांनी त्यात मांडले. त्यावर त्यांनी सुचवलेली रीत तशी साधी आहे. आधी त्या प्रदेशात जमिनीचे, वनस्पतींचे आणि प्राण्यांच्या अधिवासाचे किती प्रकार आहेत ते मांडायचे, प्रत्येकाचा किती भाग राखायचा ते ठरवायचे, आज राखलेल्या क्षेत्रांत त्यातले किती आधीच आले आहे ते तपासायचे आणि मग नव्या जागा अशा निवडायच्या की त्या आहे त्यात नसलेले काही भरून काढतील. ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरियर रीफसाठी हे करून दाखवले. तेथील सागरी उद्यानाचे ७० जैवविभाग पाडून प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग पूर्ण संरक्षणाखाली यावा असा नियम घातला गेला, आणि २००४ मध्ये मासेमारी वर्ज्य असलेले क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होते ते सुमारे ३३ टक्क्यांवर गेले.

हाच हिशेब नागपूरला लावून पाहू. शहराच्या उत्तरेला पेंच आहे. तेथील राष्ट्रीय उद्यान १९७५ चे आणि व्याघ्र प्रकल्प १९९९ चा. नैर्ऋत्येला बोर आहे, जे २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. आग्नेयेला २०१२ मध्ये घोषित झालेले, सुमारे १८९ चौरस किलोमीटरचे उमरेड-कऱ्हांडला, पूर्वेला नवेगाव-नागझिरा आणि दक्षिणेला ताडोबा. देशातल्या दुसऱ्या कोणत्या मोठ्या शहराला असे शेजार क्वचितच लाभले असतील, आणि आम्हां नागपूरकरांना त्याचा अभिमानही आहे. पण ही सगळी नावे पुन्हा एकदा वाचली, तर त्यांत डोंगर, साग, बांबू आणि मोठे जलाशय दिसतात. आता भूगर्भाचा नकाशा घ्या. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या अगदी पूर्वेकडच्या काठावर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची आहे, आणि तिथून कामठीकडे निघालो की थोड्याच अंतरात खडकाची जात बदलते व गोंडवनाचे वालुकाश्म लागतात. पश्चिमेला काळी जमीन, तिच्या अधूनमधून मुरमाड माळ आणि त्यावर गवत. पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्यात भात आणि मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले तलाव. यांपैकी पश्चिमेचा मुरमाड माळ कोणत्याही अभयारण्याच्या हद्दीत मनापासून घेतलेला नाही. तेव्हा पेंचला लागून सागाचे आणखी ४० हेक्टर हिरवे करायचे की कळमेश्वर-काटोलकडे गवताचे ४० हेक्टर राखायचे, असा प्रश्न समोर आला, तर वरच्या रीतीप्रमाणे उत्तर दुसरे येते. पहिले अधिक हिरवे दिसते, हे खरे. उपग्रहाच्या चित्रात तर एप्रिल महिन्यात दुसरे क्षेत्र चक्क तपकिरी दिसते.

त्या ११ हेक्टरांवर मी पहिल्यांदा नीट हिंडलो तो एप्रिलचाच पहिला आठवडा होता. पळसाचा बहर सरला होता, कुसळी गवत वाळून सोनेरी झाले होते आणि त्याची कुसळे पायमोज्यांतून आत घुसत होती. बोरी, तरवड, हिवराची दोन-चार खुरटी झाडे आणि एक मोठे वारूळ, याखेरीज नजर अडावी असे काही नव्हते. एक धाविक पक्षी माझ्यापुढे पंधरा-वीस पावले धावे, थांबे, मान उंचावून पाही आणि पुन्हा धावे. तो मला कशापासून तरी दूर नेत आहे हे समजायला मला वेळ लागला. मागे वळून, एकेक पाऊल पाहून टाकत परत आलो, तेव्हा मुरमाच्या खड्यांत दोन अंडी दिसली. घरटे नाही, काडी नाही, गवताचे पाते नाही. खड्यांच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची दोन अंडी उघड्या जमिनीवर पडलेली. या पक्ष्याला असे उघडे, खुरट्या गवताचे मैदानच लागते. तिथे कोणी वृक्षारोपण केले, तर तो निघून जातो. ही बाब आमच्या वृक्षप्रेमी मित्रांना सांगणे अवघड जाते.

तेवढ्यात गुरांमागे एक म्हातारे गृहस्थ आले. "भाऊ, इथं काय पाह्यता? जंगल तं तिकडं पेंचकडे आहे. हे तं निस्तं झुडपी आहे." मी अंडी दाखवली. त्यांना ती ठाऊक होती. कुठल्या महिन्यात कुठे असतात हेही त्यांनी सांगितले. पुढे म्हणाले, "पोळा झाला का दिवाळीवरी आमची ढोरं इथंच रायते. वावरात कुठं चारू?"

'झुडपी जंगल' ही आमच्या पूर्व विदर्भाची खास भानगड आहे. मध्य प्रांताच्या काळातील महसुली कागदांत, गावकऱ्यांच्या निस्ताराच्या, म्हणजे सरपण-चराईसारख्या रोजच्या गरजांच्या जमिनी म्हणून या तुकड्यांची नोंद झाली. मुरमाड, मोठे झाड न वाढणारी, गुरांच्या चराईची जमीन, असा तिचा अर्थ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि सोबत हा शब्दही आला. पुढे १९८० चा वन संवर्धन कायदा आला, १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 'वन' शब्दाचा अर्थ व्यापक झाला, आणि ज्या जमिनीला कोणी जंगल मानत नव्हते ती कागदोपत्री जंगल ठरते की नाही यावर वाद सुरू झाला. एका बाजूने विकासकामे अडतात अशी तक्रार होती, तर दुसऱ्या बाजूने अतिक्रमणे वाढत होती. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच आहे असा निर्वाळा दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन या वादाच्या केंद्रस्थानी होती. तीन हेक्टरांहून लहान आणि कोणत्याही वनक्षेत्राला लागून नसलेले तुकडे संरक्षित वन म्हणून घोषित करावेत, १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांसाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी आणि पर्यायी वनीकरणासाठी या जमिनी सरसकट वापरू नयेत, असेही त्यात सांगितले गेले. शेवटचा मुद्दा मला विशेष मोलाचा वाटतो, कारण खाणीत गेलेल्या सागाच्या बदल्यात गवताळ माळावर रोपे लावणे म्हणजे एकाऐवजी दोन अधिवास घालवणे होय.

न्यायालयाने जमिनीचा दर्जा सांगितला. त्यातील कोणते तुकडे कशासाठी आणि कशा प्रकारे राखायचे, हे ठरवणे मात्र नियोजनाचेच काम आहे. सगळेच सारख्या तीव्रतेने राखू म्हटले, तर काय होते याचे उदाहरण सोलापूर-अहमदनगर भागात घडून गेले आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची १९७९ मध्ये आखलेली हद्द ८,४९६ चौरस किलोमीटरची होती. तिच्यात गावे, बाजारपेठा आणि ओलिताची शेते सगळे काही आले. सातबारावर अभयारण्याचा शेरा असल्यामुळे लोकांचे साधे व्यवहारही अडले, माळढोकाविषयी कटुता साचली, आणि शेवटी ही हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावी लागली. पक्ष्यांची संख्या तोवर रोडावलेलीच होती. हद्द मोठी आखण्याचे धाडस त्या काळी झाले याचे मला कौतुक आहे, पण गवत नेमके कुठे उरले आहे हे पाहून ती आखली असती, तर कदाचित त्या पक्ष्याच्या वाट्याला मित्र अधिक आले असते.

जमीन राखण्याच्या प्रकारांची तर कायद्यात वाण नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य होतेच. २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्र आणि सामूहिक राखीव क्षेत्र हे दोन सौम्य प्रकार त्यात आले. कलम ३६-अ मधील संवर्धन राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून घोषित होते आणि दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या जमिनींचा त्यात खास उल्लेख आहे. गडचिरोलीत रानम्हशींसाठी कोलामार्का आणि नाशिक जिल्ह्यात काळविटांसाठी ममदापूर याच मार्गाने राखले गेले. आराखड्यातील आरक्षणावर विसंबणे त्या मानाने कच्चे आहे. खासगी जमिनीवर उद्यानाचे आरक्षण टाकले आणि दहा वर्षांत ती संपादित झाली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि नंतरच्या मुदतीतही काही झाले नाही, तर आरक्षण गळून पडते. एवढे होऊन कोणाला दोषही देता येत नाही, कारण मालकाची जमीन फुकट अडवून ठेवणे हेही न्याय्य नाही.

पाण्याचा विषय निघाला की सुनावणीत जरा लक्ष दिले जाते, हा माझा अनुभव आहे. नागपूरचे पिण्याचे पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हान येथून येते आणि पेंच नदीवरच्या तोतलाडोहच्या जलाशयाभोवती व्याघ्र प्रकल्पाचे जंगल उभे आहे. वाघासाठी राखलेली जमीन नळातल्या पाण्यासाठीही राखली गेली, हा आमचा योगायोगाने झालेला फायदा. शहराच्या आत मात्र असा योगायोग घडला नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी ले-आउटपासून सीताबर्डीपर्यंत घराघरांत शिरले. आमच्या एका नातेवाइकांच्या तळमजल्यावर दिवाणखान्यातला सोफा तरंगून दाराला आडवा अडकला होता. दार आतून उघडेना. महाराष्ट्रात पूररेषा दोन आहेत. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा मोठ्या नद्यांवर आखल्या जातात. माझ्या ११ हेक्टरांच्या पायथ्याशी असलेल्या नाल्यासारख्या बिनानावाच्या प्रवाहांवर नकाशात बहुधा निळी शाईसुद्धा उमटत नाही, आणि शहरात शिरणारे पाणी अशाच शेकडो प्रवाहांनी येते. तलावांचेही तसेच. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. नागपूरचा जवळजवळ प्रत्येक तलाव कोणी ना कोणी बांधलेलाच असल्यामुळे, हिवाळ्यात बदके कितीही उतरोत, नियमाच्या लेखी ते पाणथळ नाहीत. तेव्हा त्यांना राखायचे तर आराखड्यातच राखावे लागेल.

वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थोडक्यात. 'जय' नावाचा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून शेते, रस्ते आणि नद्या ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यात आला आणि २०१६ च्या एप्रिलनंतर दिसेनासा झाला. बोरचा 'बाजीराव' २०१७ च्या डिसेंबरात अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. दोघेही ज्या जमिनीवरून चालले, तिचा बराचसा भाग कोणत्याही संरक्षित क्षेत्रात नव्हता. पेंचलगतच्या मनसर ते खवासा या पट्ट्यात जबलपूरकडे जाणारा महामार्ग रुंद करताना प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी पुलांखालून मार्ग ठेवले गेले, त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे, आणि वाघांसह अनेक प्राणी त्यांतून ये-जा करताना कॅमेऱ्यांत टिपले गेले आहेत. ही चांगलीच गोष्ट घडली. पण तिच्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, कारण रस्त्याची रेघ आधी ओढली गेली होती आणि जंगल तिला नंतर आडवे आले. जोडणारी जमीन आराखड्याच्या पहिल्या पानावर असती, तर पुलांची लांबी नंतर मागून घ्यावी लागली नसती.

माझ्या हरकतीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. ती 'अंशतः मान्य' झाली. नाल्याच्या दोन्ही बाजूंना मी ३० मीटर मागितले होते, ९ मीटर मिळाले. वरचा माळ पिवळाच राहिला. अभिप्रायाच्या रकान्यात 'सदर जागेवर वृक्षाच्छादन आढळून येत नाही' एवढे एक वाक्य होते. ते खरे होते. मी स्वतःच्या निवेदनातही तेच लिहिले होते, मात्र माझ्याकडे ते राखण्याचे कारण होते आणि तिथे ते न राखण्याचे.

मे २०२५ च्या निकालानंतर तो तुकडा एका कागदावर वन आणि दुसऱ्या कागदावर निवासी आहे. म्हणून मी नवा अर्ज तयार करायला घेतला. जुन्या नोंदीची नक्कल, आजूबाजूच्या झुडपी तुकड्यांची गट नंबरनिहाय यादी, त्यांतले कोणते एकमेकांना लागून आहेत आणि कोणत्या नाल्याच्या माथ्यावर येतात याचा हाताने काढलेला नकाशा, असे त्याचे स्वरूप आहे. यादीत एकूण चौदा तुकडे झाले. सगळे मागण्याचा मोह झाला होता, पण त्यातले सहाच मागितले आहेत. उरलेल्यांपैकी दोनांवर गावाची स्मशानभूमी आणि शाळेचे मैदान आहे, काहींवर आता गवत असे राहिलेलेच नाही.

अर्जाची गोष्ट गुरांमागच्या त्या काकांना सांगायला मागच्या महिन्यात गेलो होतो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे आता ढोरं चारता येईन का नाई?" संरक्षित वन, संवर्धन राखीव, अभयारण्य, यांतले काय होईल त्यावर ते अवलंबून आहे, असे मी म्हणालो; आणि म्हणताना मलाच ते उत्तर फार सरकारी वाटले. घरी येऊन मसुदा पुन्हा काढला. पहिल्याच पानावर, मागणीच्या वाक्यात, 'गावाची विद्यमान चराई कायम ठेवून संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून' एवढे शब्द घातले आणि काकांचे गाव ज्या ग्रामपंचायतीत येते, तिच्या ठरावाची प्रत जोडायची म्हणून अर्ज दाखल करण्याची तारीख पुढच्या ग्रामसभेपर्यंत लांबवली.